दहापेक्षा कमी

गेल्या आठवड्यात डेट्रॉइटकडच्या एका ओळखीच्या कुटुंबाचा फोन आला. त्यांची बदली आमच्या बाजूला, पश्चिम मिशिगनमध्ये होतेय. वहिनींनी ख्यालीखुशाली दोन वाक्यांत उरकली आणि मुद्द्यावर आल्या. "भाऊजी, तुमच्या हायस्कूलला वेबसाइटवर दहापैकी चारच दिलेत हो! मुलीला तिथे ठेवलंत तरी कसं?"

फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लांबण.

आमचं गाव सफरचंद आणि ब्लूबेरीच्या बागांचं. पब्लिक हायस्कूल छोटं, एका इयत्तेत जेमतेम पन्नास मुलं. काहींचे आईवडील बागांत काम करतात आणि घरी स्पॅनिश बोलतात, काहींच्या तीन पिढ्या याच शाळेत शिकल्या. त्यात आमच्यासारखे कारखान्याच्या नोकरीमुळे येऊन पडलेले मोजके.

आता पन्नासात एक मूल म्हणजे 2 टक्के. समजा, एका बॅचची 46 मुलं चार वर्षांत पास झाली तर ग्रॅज्युएशन रेट 92. पुढच्या बॅचमध्ये तीन जण कमी पडले की 86. मोठ्या शाळेत सहा टक्के घसरले तर चौकशी बसेल. इथे तीन घरांत काहीतरी घडलंय, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय हंगाम संपल्यावर एखादं कुटुंब टेक्सासला गेलं आणि मुलाने तिथल्या शाळेत नाव घातल्याचा कागद आमच्या शाळेला मिळाला नाही, तर ते मूल आमच्याच छेदात राहतं. 2008 च्या केंद्रीय नियमाने हे काटेकोर केलं आणि ते बरंच झालं, कारण त्याआधी शाळा गळालेल्या मुलांना 'दुसरीकडे गेला' म्हणून खुशाल खपवत. पण कागद मागवत फिरायला छोट्या शाळेत माणूस कुठाय? एकच काउन्सेलर, तीच वेळापत्रक लावते, तीच कॉलेजची शिफारसपत्रं लिहिते. मिशिगन पाच आणि सहा वर्षांचाही दर छापतं. तो कोणी उघडून बघत नाही.

हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञाने पेनसिल्व्हेनियातल्या शाळांचे निकाल तपासले, तेव्हा यादीच्या वरच्या टोकाला छोट्या शाळा प्रमाणाबाहेर दिसल्या. आणि तळालाही! संख्या लहान असली की सरासरी हेलकावे खातेच. त्या काळात गेट्स फाउंडेशन छोट्या हायस्कूलांवर प्रचंड पैसा ओतत होतं. यादीचं वरचं टोक सगळ्यांना दिसतं, हे त्यातलं एक कारण.

मग गुण. मिशिगनमध्ये अकरावीच्या सगळ्या मुलांना एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशाची परीक्षा, द्यावी लागते, कॉलेजला जायचं असो वा नसो. जिथे फक्त इच्छुक बसतात, अशा राज्यातल्या शाळेच्या सरासरीशी आमची तुलना म्हणजे गावजत्रेतल्या धावण्याची निवड झालेल्या संघाशी तुलना. कोलमन अहवालाने, म्हणजे अमेरिकेतल्या शाळांच्या एका सरकारी पाहणीने, 1966 मध्ये सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती चाळून सांगितलं होतं की गुणांतला फरक शाळेपेक्षा घराशी जास्त बांधलेला असतो. साठ वर्षं झाली, तरी घर घेताना आपण तोच आकडा शाळेची गुणवत्ता म्हणून वाचतो. खरं तर त्या 'चार'मध्ये आमच्या गावाचं उत्पन्न दडलंय.

बरं, गरिबी तरी नीट मोजतात का? वर्षानुवर्षं मोजमाप एकच, फ्री लंच. दारिद्र्यरेषेच्या 130 टक्क्यांपर्यंत उत्पन्न असेल तर जेवण फुकट, 185 पर्यंत सवलतीत. 2010 च्या कायद्यानंतर ठरावीक प्रमाणात गरजू मुलं असलेल्या शाळांना फॉर्म न भरून घेता सगळ्यांना फुकट जेवण देता येऊ लागलं आणि 2023 पासून मिशिगनने ते राज्यभर सगळ्याच मुलांना दिलं. उत्तम झालं, माझी मुलगीही तिथेच जेवते. मात्र 'फुकट जेवणारी मुलं' या आकड्यावरून गरिबी ओळखायचे दिवस गेले.

राज्याच्या अहवालात मुलांच्या गटागटाचे निकाल वेगळे छापतात. त्यातल्या इंग्लिश शिकणाऱ्या मुलांच्या रकान्याची मला सगळ्यात जास्त चीड येते. हा गट कायम मागे दिसतो, आणि दिसणारच. ज्या मुलाला इंग्लिश चांगलं येऊ लागलं ते परीक्षा पास होऊन त्या गटातून बाहेर पडतं, त्याच्या जागी काल आलेलं मूल बसतं. जास्तीत जास्त चार वर्षं माजी मुलांना त्यात मोजायची मुभा कायद्यात आहे, तरी चित्र फारसं बदलत नाही. बाईंनी जितकं चांगलं शिकवावं तितका त्यांचा गट रिकामा होतो, आणि उरलेल्यांच्या गुणांवरून बाईंचा हिशोब!

आणि आपण कुठे? 'एशियन' रकान्यात. भारतीय इंजिनिअरची मुलगी आणि निर्वासित म्हणून आलेल्या म्यानमारच्या कुटुंबातला मुलगा, अशी आवळ्याभोपळ्याची मोट. तीही आमच्या शाळेत इतकी छोटी की अहवालात आकडाच नसतो. 'दहापेक्षा कमी' लिहून झाकून टाकतात, नाहीतर कोणाचे किती गुण ते गावभर कळेल. लेकीला हे सांगितलं तेव्हा ती खूश झाली. "म्हणजे माझा रिझल्ट सरकारी गुपित आहे?"

शाळेत सगळं आलबेल आहे असं नाही. कॅल्क्युलस ऑनलाइन शिकावं लागतं. मागच्या वर्षी गणिताचे सर फेब्रुवारीत सोडून गेले, तर मे महिन्यापर्यंत बदली शिक्षकांवर गाडी ढकलली. पोरांचं त्यात खरंच नुकसान झालं. पण त्या चारात हे कुठेच नाही, आणि सर असते तरी चारच दिसले असते.

वहिनींना काल पुन्हा फोन केला. म्हटलं, सरासरी सोडा, ग्रोथ बघा. सारख्याच गुणांपासून निघालेल्या मुलांच्या तुलनेत इथली मुलं किती पुढे गेली, हे राज्य वेगळं छापतं. तेही एका वर्षाचं बघू नका, तीन-चार वर्षांचं बघा. आणि शाळेला फोन करून विचारा की गेल्या तीन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले.

त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग हळूच विचारलं, "आपली मुलं किती आहेत हो तिथे?"

चार. त्यांची दोघं आली तर सहा. अहवालात तेव्हाही 'दहापेक्षा कमी'च येईल.