'फक्त दोन मिनिटं बघून येतो'

आमच्या ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या सोसायटीच्या ग्रुपवर गेले चार दिवस जे चाललंय ते वाचून डोकं फिरलंय. विषय काय, तर जवळच्या एका नर्सिंग होमने खाली बोर्ड लावला. पेशंटबरोबर एकच माणूस, भेटायची वेळ पाच ते सहा, लहान मुलं नकोत, सर्दी-खोकला असेल तर वर येऊ नका, मास्क लावा. बास, एवढंच. त्यावर दीडशे मेसेज. 'कोविड संपला ना, मग मास्क कसले?', 'बिलात लावायचे धंदे', 'आजारी माणसाला भेटायचं नाही म्हणजे माणुसकी राहिली की नाही?' चौथ्या मजल्यावरच्या काकांनी तर लिहिलं की आमच्या वेळी अख्खी चाळ पेशंटला बघायला जायची, कोणी मेलं नाही. मेलं असेल की काका, पण कशाने मेलं ते तेव्हा कोण बघत होतं?

मी डॉक्टर नाही, आधीच सांगतो. मी एसीवाला. शिकलो ठाण्यात, २००८ पासून इथे टोरोंटोजवळ एका हॉस्पिटलच्या फॅसिलिटीजमध्ये आहे, म्हणजे अर्धा दिवस बेसमेंटमध्ये आणि अर्धा छतावर, जानेवारीत सुद्धा. फिल्टर, बेल्ट, डॅम्पर. आयसोलेशन रूम, म्हणजे हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या पेशंटची खोली, असली की दाराच्या फटीशी टिश्यू धरायचा, तो आत ओढला गेला तर ठीक (यालाच निगेटिव्ह प्रेशर म्हणतात, आतली हवा बाहेर जात नाही), बाहेर फडफडला तर चार्ज नर्सला फोन. तिथे तासाला १२ वेळा हवा बदलावी लागते. १२ असेल तर हवेत तरंगणाऱ्या कणांपैकी ९९ टक्के साधारण २३ मिनिटांत निघून जातात, ६ असेल तर ४६ मिनिटं, आणि दोनच असेल तर दोन तासांच्या वर. आणि हे सुद्धा खोकणारा माणूस खोलीतून निघून गेल्यावर.

मी आलो तेव्हा इथे सार्सच्या साथीला (कोविडच्याच जातीचा विषाणू) पाच वर्षं झाली होती, तरी जुनी माणसं ब्रेकरूममध्ये तो विषय निघाला की एकदम हळू आवाजात बोलायची. २००३ च्या मार्चमध्ये हाँगकाँगहून आलेल्या एक बाई घरातच वारल्या. दोन दिवसांनी त्यांच्या मुलाला ताप आणि खोकला म्हणून स्कारबरो ग्रेस हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आणलं. वर बेड नाही म्हणून तो रात्रभर तिथेच स्ट्रेचरवर, आणि त्याच्यात आणि शेजारच्या पेशंटमध्ये होता फक्त एक पडदा. तिथून जे पसरलं त्यात कॅनडात ४४ माणसं गेली, त्यात नर्सेस पण होत्या. मग आयोग बसला, त्याचं म्हणणं थोडक्यात असं की शंभर टक्के पुराव्याची वाट बघत बसू नका, आधी माणसं वाचवा. हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. उत्तर काय आलं? हात जोडलेले दोन इमोजी, आणि काकांचं 'इथे १४० कोटी लोक आहेत साहेब'.

बरं, त्या बोर्डवर सुद्धा हवेबद्दल एक शब्द नाही! आपल्याकडच्या नर्सिंग होममधल्या खोल्या आठवा, दुकानाच्या नाहीतर ऑफिसच्या गाळ्यात पार्टिशन टाकून केलेल्या, खिडकी पॅक आणि वर स्प्लिट एसी. लोकांना वाटतं बाहेर लटकवलेला डबा ताजी हवा आत पाठवतो. अहो, तो फक्त उष्णता बाहेर टाकतो. आतली हवा तीच, गार होऊन परत परत तोंडावर. म्हणजे पलीकडच्या बेडवरचा खोकला तुम्ही २० डिग्रीला थंड करून घेताय. केईएमसारखी जुनी हॉस्पिटलं बांधणारे येडे नव्हते, एवढी उंच छतं आणि एवढाल्या खिडक्या शोभेला नाही ठेवल्या. पेरू देशातल्या लिमामधल्या हॉस्पिटलांचा २००७ मध्ये आलेला एक अभ्यास आहे, तिथल्या जुन्या उंच वॉर्डांत खिडक्या-दारं उघडली की तासाला चाळीसेक वेळा हवा बदलायची. आमच्या छतावरची मशीन्स कुथून कुथून १२ देतात.

हे मी दादाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "खिडकी उघडतो, मग डेंग्यूसाठी वेगळी खोली घेऊ का? आणि घोडबंदरच्या ट्रकचा धूर, मेट्रोच्या कामाची धूळ, ती कुठल्या फिल्टरने अडवू?" मी म्हटलं जाळ्या लावा, एक्झॉस्ट फॅन लावा, हजार-दोन हजारात येतो. तर म्हणे, "तू दर दोन वर्षांनी आम्हाला बघायला येणार आणि सूचना देऊन जाणार." लागलं ते. मी म्हटलं बर्फ पडतोय, गाडी साफ करायचीये, आणि फोन ठेवला. बर्फ नव्हता.

आता खरं सांगायचं तर इथेही काही स्वर्ग नाही. फ्लूच्या सीझनमध्ये आमच्या इमर्जन्सीच्या हॉलवेत स्ट्रेचरची रांग लागते, सार्स होऊन गेला तरी लागते, आणि हॉलवेला कसलं निगेटिव्ह प्रेशर. फ्लू शॉट घेतला नाही तर सीझनभर मास्क लावा असा नियम काही हॉस्पिटलांनी केला होता, त्याच्याविरुद्ध नर्सेसची युनियनच गेली, आणि २०१८ मध्ये टोरोंटोच्या एका मोठ्या हॉस्पिटलचा तो नियम पुरावा अपुरा म्हणून लवादाने रद्द केला. आणि डब्ल्यूएचओने तर मार्च २०२० मध्ये कोविड हवेतून पसरत नाही असं छातीठोक ट्विट केलं होतं. हे मी ग्रुपवर टाकलं नाही. कशाला टाकू?

आणखी एक गोष्ट टाकली नाही.

गेल्या वर्षी जानेवारीत आईचं खुब्याचं हाड मोडलं. मिळेल ती फ्लाइट घेतली, दुसऱ्या फ्लाइटमध्येच घसा खवखवायला लागला होता. एअरपोर्टहून बॅगांसकट थेट नर्सिंग होम, रात्रीचे साडेनऊ. बोर्ड लावलाय ना, तेच नर्सिंग होम, फक्त बोर्ड तेव्हा नव्हता. वॉचमन म्हणाला, "साहेब, टायमिंग संपलं, आणि तुम्हाला खोकला पण दिसतोय." मी काय म्हणालो असेन? "कॅनडाहून आलोय, फक्त दोन मिनिटं बघून येतो." वर हे पण म्हणालो की मी हॉस्पिटलमध्येच काम करतो. सोडलं बिचाऱ्याने.

दोन बेडची खोली, मध्ये पडदा, खिडकीच्या फटीला सेलोटेप. वर बघितल्या बघितल्या मला कळलं होतं की या खोलीत बाहेरची हवा शून्य आहे, ते तर मला झोपेत पण कळेल. खिशात एन-९५ होता, विमानात लावलेला, तो चढवून मी आत गेलो. आई म्हणाली, "कोण आहे? तोंड बघू दे." काढला. ती म्हणाली बारीक झालास, मी तिचा हात धरून बसलो, सुंठेची वडी दिली तिने उशीखालून, खोकला ऐकून. दोन मिनिटांचे दोन तास झाले.

तिसऱ्या दिवशी आईला ताप आणि खोकला. स्वॅब कोणी घेतला नाही, एसीने झालं असं सगळे म्हणाले आणि मी, एसीवाला, हो म्हणालो. वहिनी तर चेष्टेत म्हणाली, भाऊजी कॅनडाची थंडी घेऊन आले. आठवड्याभराने आईचा ताप उतरला, आता ती वॉकर घेऊन तलावपाळीपर्यंत जायची भाषा करते.

पडद्यापलीकडे एक आजी होत्या. त्यांनी पहिल्या रात्री मला विचारलं होतं, तिकडे फार थंडी असते का हो? पाचव्या दिवशी गेलो तर त्यांच्या बेडवर धुतलेली चादर होती, इस्त्रीची घडी तशीच. सिस्टर तिथेच सलाईन बदलत होती. घरी सोडलं की वर आयसीयूत नेलं, एवढंच विचारायचं होतं, पण मी आईचा डबा उघडायला घेतला.