आधीच्या मालकाचे उपकार

सेकंडहँड मोटरसायकल विकणारा माणूस दोन गोष्टी हमखास सांगतो. गाडी एकहाती वापरलेली आहे, आणि तिला काही करावं लागणार नाही, "फक्त एकदा ट्युनिंग करून घ्या." पहिली गोष्ट खोटी असते हे घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. दुसरी किती खरी आहे ते कार्ब्युरेटर, म्हणजे इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग, उघडल्यावर कळतं.

माझ्या गाडीचं दुखणं असं, की चोक (थंड इंजिनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून असलेली कळ) ओढून ठेवल्याशिवाय ती जागची हलायची नाही. गरम झाली तरी तिचा स्लो, म्हणजे ॲक्सिलरेटर न पिळता चालू राहणं, बसायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज करायची. मध्येच कुठेतरी, अर्ध्या ॲक्सिलरेटरला, एकदम शहाण्यासारखी पळायची आणि पूर्ण पिळला की काळा धूर सोडत गुदमरायची. म्हणजे खालच्या अंगाला उपासमार आणि वरच्या अंगाला अजीर्ण, आणि दोन्ही एकाच पोटात.

शेजारचे काका आयुष्यभर टू-स्ट्रोक चालवलेले. त्यांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता आवाज ऐकला.

"मेन जेट कितीचा आहे रे?"

"माहीत नाही, काका. अजून उघडलं नाही."

"बदल. मेन जेट बदल."

इथे मेन जेटविषयी माझं जे मत झालं आहे ते सांगून टाकतो. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं, बारीक भोकाचं पितळी बूच. कार्ब्युरेटरमध्ये कामं वाटून दिलेली असतात. ॲक्सिलरेटर बंद असल्यापासून साधारण पावापर्यंत पायलट जेटचं राज्य. पावापासून पाऊणपर्यंत ॲक्सिलरेटरबरोबर वर-खाली होणारी सुई. पाऊणच्या पुढे मेन जेट. आता रोजच्या रस्त्यावर माणूस ॲक्सिलरेटर पिळतो किती? पाव, फार तर अर्धा. सिग्नल, खड्डे, रिव्हर्स घेणारी गाडी, पुढचा ट्रक यांच्यातून जाताना पाऊणच्या पुढे जायची वेळ क्वचित येते. म्हणजे माणूस जन्मभर पायलट जेटवर जगतो आणि चर्चा मात्र मेन जेटची करतो. कारण मेन जेटचा नंबर मोठा असतो, आणि त्याचं भोक डोळ्यांना दिसतं. पायलट जेट उजेडासमोर धरून एक डोळा मिटला तरी भोक आहे की नुसतीच श्रद्धा, ते कळत नाही.

कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी बाकीचं सगळं जागेवर आणायचं असतं. हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि कुणीच पाळत नाही, कारण जेट बदलण्यात जी शान आहे ती एअर फिल्टर साफ करण्यात नाही. मी पाळला. त्यात माझं शहाणपण काही नव्हतं, जेट मिळायला वेळ लागणार होता एवढंच.

तर फिल्टर. फिल्टरच्या डब्याला आधीच्या मालकाने भोकं पाडली होती. पट्टीने मोजून पाडलेली नव्हेत, गरम सळई खुपसून पाडलेली. डब्याने जास्त हवा ओढावी म्हणून. त्याच्या जोडीला सायलेन्सर बदललेला, आतलं बरंचसं काढून टाकलेला. म्हणजे गाडीत हवा सढळ हाताने येणार आणि सढळ हाताने जाणार. आता हिशोब असा, की पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने त्याच्या 14.7 पट हवा लागते. वजनात हा आकडा साधा वाटतो. आकारमानात बघा: एक लिटर पेट्रोलला जवळपास नऊ हजार लिटर हवा. ती भोकं पाडणाऱ्याला एवढं तरी समजलं होतं, की हवा वाढवली तर पेट्रोलही वाढवावं लागेल. ते त्याने कसं वाढवलं, ते पुढे येईलच.

मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारा भाग; दोघांमध्ये बारीक फट ठेवायची असते. विकत घेताना इंजिन किती गप्प आहे याचं मला फार कौतुक वाटलं होतं. टकटक नाही, कुरकुर नाही. थंड इंजिनवर झाकण काढून, कॉम्प्रेशन स्ट्रोकला पिस्टन वर आणून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला, तर तो जाईचना. गाडीच्या पुस्तकात 0.08 मिलिमीटरची फट लिहिली होती, इथे कागदसुद्धा शिरत नव्हता. टॅपेट सैल असलं तर आवाज करतं आणि आपण वैतागून ते नीट करतो. घट्ट असलं तर ते काहीच बोलत नाही, गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही, आणि निमूटपणे व्हॉल्व्ह जाळतं. गाडी विकायच्या आधी कुणीतरी टॅपेट आवळून आवाज बंद केला होता. फट पुस्तकाप्रमाणे ठेवल्यावर इंजिन बारीक टकटक करू लागलं आणि काका लगेच हजर झाले.

"आधी आवाज नव्हता रे."

"तोच तर प्रॉब्लेम होता, काका."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने लोक डॉक्टर बदलतात.

कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला तडा गेलेला होता. वरून दिसत नव्हता, बोटाने दाबल्यावर तोंड उघडत होता. इंजिन चालू ठेवून त्यावर पाण्याचा फवारा मारला, तर स्लोचा आवाज बदलला. म्हणजे गाडी मागच्या दाराने हवा ओढत होती. हे रबर बदललं नसतं तर जगातले सगळे जेट लावून पाहिले असते तरी स्लो बसला नसता. हे मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "हो, पण मेन जेट?"

शेवटी कार्ब्युरेटर खाली उतरला. जपानी बनावटीच्या कार्ब्युरेटरचे स्क्रू दिसायला साध्या फुलीचे असतात, पण त्यांची फुली जपानी मापाची असते. नेहमीचा स्क्रूड्रायव्हर त्यात नीट बसत नाही, जोर लावला की वर सटकतो आणि जाताना फुलीचं गोल भोक करून जातो. खाली पेट्रोल साठवणाऱ्या फ्लोटच्या वाटीचे चारही स्क्रू आधीच्या मालकाने असेच गुळगुळीत करून ठेवले होते. त्यातला एक हातोडीच्या ठोक्यांनी, एक शिव्यांनी आणि उरलेले पकडीने निघाले.

वाटी उघडली. तळाला साठलेल्या पेट्रोलचा वार्निशसारखा चिकट पिवळा थर होता. पायलट जेट त्यानेच बुजलेला. मेन जेट मात्र चकचकीत, नवाकोरा. त्यावर आकडा 132. पुस्तकात 112.

या आकड्यांची गंमत अशी, की काही कंपन्यांत तो भोकाचा व्यास असतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. 112 म्हणजे 1.12 मिलिमीटर. काही कंपन्या मात्र जेटमधून किती पेट्रोल वाहतं त्यावरून नंबर देतात, त्यामुळे एका कंपनीचा नंबर दुसरीच्या जेटला लावून उपयोग नाही. माझा पहिल्या प्रकारचा होता. 112 आणि 132 मधला फरक 0.2 मिलिमीटर, ऐकायला काहीच नाही. पण पेट्रोल वाहतं ते भोकाच्या क्षेत्रफळातून, आणि ते वाढलं जवळपास 39 टक्क्यांनी. शेजारशेजारच्या दोन नंबरांमध्ये माणसाच्या केसाच्या जाडीएवढाही फरक नसतो, तिथे या गृहस्थांनी मधले सगळे नंबर ओलांडून थेट पलीकडे उडी मारली होती. वर गुदमरायची ती यामुळे. आणि खाली पायलट बुजल्यामुळे उपाशी मरायची. त्याने दोष ऐकला खालचा आणि इलाज केला वरचा.

पायलट जेट साफ करताना टाचणी घालू नये असं सगळे सांगतात. पितळ मऊ असतं, पोलादी टाचणीने भोक मोठं होतं आणि मग तो 38 चा जेट कितीचा झाला हे कोणालाच सांगता येत नाही. मी क्लीनर मारला, हवा मारली, उजेडासमोर धरलं. एक सूक्ष्म ठिपका दिसला. इतका आनंद मला बऱ्याच मोठ्या गोष्टींनी झालेला नाही.

पुढे सुई. सुईला खाचा असतात आणि एका खाचेत क्लिप. क्लिप खाली सरकवली की सुई वर येते, आणि पेट्रोल वाढतं. क्लिप वर सरकवली की सुई खाली, पेट्रोल कमी. हे वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवलं आहे, तरी हातात सुई आली की माझा मेंदू उलटा चालतो. स्लोचं मिश्रण ठरवणाऱ्या स्क्रूचीही तीच तऱ्हा: तो फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, बाहेर फिरवला की पेट्रोलचं प्रमाण कमी होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, बाहेर फिरवला की वाढतं. कार्ब्युरेटर बनवणाऱ्यांचा यात काहीतरी खासगी विनोद असावा.

फिल्टरच्या डब्याची भोकं बुजवली, पण सायलेन्सर तसाच राहिला. त्यामुळे पुस्तकातला 112 आता गाडीला पुरणार नव्हता, आणि 132 तर नकोच. मधला कुठला, ते पुस्तकात नसतं. ॲक्सिलरेटरच्या मुठीवर कागदी टेप चिकटवून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या, म्हणजे गाडी नेमकी कुठे अडखळते ते कळतं. पाव खुणेपर्यंत आता ती मुकाट चालत होती. स्लो बसला होता, फटफट बंद झाली होती. माझ्या दृष्टीने गाडी दुरुस्त होती. पण 118 चा जेट बसवला होता आणि तो बरोबर आहे की नाही हे बघायला पूर्ण ॲक्सिलरेटर लागतो.

रिकामा, सरळ, लांब रस्ता शोधला. पूर्ण पिळला, थोडा वेळ तसाच धरला, मग एकदम क्लच दाबून इंजिन बंद केलं आणि गाडी कडेला नेली. अशा वेळी स्पार्क प्लगचा रंग खरं बोलतो: काळा तर पेट्रोल जास्त, पांढरा तर कमी, फिकट तपकिरी तर ठीक. हल्लीच्या पेट्रोलमध्ये तो पूर्वीइतका स्पष्टही बोलत नाही. मी गरम प्लग फडक्यात धरून सूर्याकडे बघत उभा होतो.

एक अनोळखी मोटरसायकलवाला थांबला. त्याचीही गाडी जुनीच.

"काय झालं, दादा? पेट्रोल संपलं का?"

"नाही हो. प्लग बघतोय."

त्याने गाडी स्टँडवर लावली, जवळ आला, माझ्या हातातून प्लग घेऊन निरखला, मुठीवरच्या टेपकडे पाहिलं.

"मेन जेट कितीचा आहे?"

"118."

"लहान आहे," तो म्हणाला आणि माझा प्लग परत देऊन निघून गेला. त्याची गाडी काळा धूर सोडत होती.