घरी कुणीही आपोआप बरं झालं नाही

आज सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं, "कोरोनाचा उगाच बाऊ केला. मी काही न करता घरीच पडून बरा झालो." सकाळपासून डोकं तापलंय. तुम्ही काही केलं नसेल, पण तुमच्या घरात कुणीतरी केलं म्हणून तुम्ही आज लिहिताय.

आमच्या शेजारच्या काकूंचं घर आठवा. एप्रिल २०२१. एका खोलीत काका, दुसरीत सासूबाई, दोघंही पॉझिटिव्ह आणि बेड कुठेच नाही. काकूंनी मुलाच्या शाळेची जुनी वही काढली आणि रकाने आखले: वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी, पाणी, लघवी. दर चार तासांनी नोंद, रात्रीसुद्धा.

रक्तातला ऑक्सिजन बघायचा म्हणजे बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावून मोकळं होणं नव्हे. आधी पाच मिनिटं शांत बसवायचं. नेलपॉलिश काढायचं, हात गार असतील तर चोळून गरम करायचे. आकडा मिनिटभर स्थिर होऊ द्यायचा, पहिला दिसेल तो लिहायचा नाही. मशीन उलटं धरलं की नाडी आणि ऑक्सिजनची अदलाबदल होते. नाडीचे ८२ ऑक्सिजनचे समजून किती घरांत रडारड झाली! आणि याच्या उलट घडलं ते जास्त वाईट. माणूस नीट बोलतोय, चहा पितोय, आणि ऑक्सिजन ८८ टक्के, म्हणजे धोक्याइतका कमी. दम लागत नाही म्हणून कुणी मोजलंच नाही. पाचव्या ते दहाव्या दिवसात हे व्हायचं, नेमकं ताप उतरला म्हणून घर सैल पडलेलं असताना.

म्हणून सहा मिनिटं चालायची चाचणी. बसून ९४ च्या वर असेल तरच, सपाट फरशीवर, सोबत कुणीतरी. चालल्यावर ९३ च्या खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त घसरला, तर दवाखाना गाठायचा. साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटं पुरेत. दमेकऱ्यांना चालवायचं नाही. काकूंनी सासूबाईंचा हात धरून, स्वतः एन-९५ लावून, हॉलच्या भिंतीकडेने हे रोज केलं. काकांचा आकडा घसरला तो असाच कळला.

मग बेड मिळेपर्यंत पालथं झोपवणं. हे वाचायला सोपं वाटतं. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांच्या वरच्या भागापर्यंत, दोन नडगीखाली. पोट दाबलं गेलं की माणूस घाबरतो आणि उठून बसतो, म्हणून उश्या पुन्हा पुन्हा सरकवाव्या लागतात. जेवणानंतर तासभर नाही, नाहीतर उलटी. अर्धा तास ते दोन तास पालथं, मग उजवी कूस, मग टेकून बसवणं, मग डावी, पुन्हा पालथं. गरोदर बाईला, मोठा हृदयविकार असलेल्याला किंवा मणक्याचं, खुब्याचं हाड मोडलेल्याला हे करायचं नाही. ऐंशी किलोच्या माणसाला रात्री दोन वाजता कुशीवर वळवून बघा, आणि मग लिहा "काही न करता".

हो, बहुतेकांना सौम्यच झाला होता, मान्य. काही घरांत पुरुषांनीही हे सगळं केलं, तेही मान्य.

पण सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली, आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या, तेव्हा कुटुंब म्हणजे घरातलं नेमकं कोण, हे कुणी विचारलं नाही. बहुतेक घरांत ती एकच बाई होती. नर्सला तीन पाळ्या असतात. हिला पाळी बदलणारं कुणी नव्हतं, शिकवणारं तर नव्हतंच.

वर व्हॉट्सॅपवर सल्ले. वाफ घ्या, तासातासाला घ्या. पातेलं सांडून माणसं भाजली. कुणाचं तरी प्रिस्क्रिप्शन बघून पहिल्याच दिवसापासून स्टेरॉइड. ऑक्सिजन चांगला असताना त्याचा उपयोग नाही, उलट रक्तातली साखर चढते, आणि साखर चढली की काळ्या बुरशीच्या आजाराचा धोका. काकूंनी दोन नातेवाइकांचा रोष पत्करून त्या गोळ्या कपाटात ठेवल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच दिलं: ताप आला तर पॅरासिटामॉल, दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी, पेज, वरण. जुलाब लागले तेव्हा लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ चमचाभर पडलं तर ते पाणी अपाय करतं, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या गृहस्थांवर आता राग राहिला नाही. आजारी माणसाला दाराबाहेर काय चाललंय ते दिसत नाही. पण आता तरी विचारा. बायकोला, आईला, सुनेला विचारा की त्या दिवसांत ती कधी झोपायची, आणि तिचा स्वतःचा ऑक्सिजन कुणी मोजला होता का.

आणि ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी ती रद्दीत घालू नका. फॅमिली डॉक्टरांना आजही तिचा उपयोग होतो. ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये पडून असेल तर त्यातले सेल आजच काढून ठेवा. ते गळले की आतली पट्टी गंजते आणि गरजेच्या दिवशी मशीन सुरूच होत नाही.