प्रतिक्रियेला उत्तर: तारीख तुलनेत नाही, वाचतानाच चुकते

नमस्कार,

नाव दिलेलं नाहीत, म्हणून नुसताच नमस्कार. पीएचपीतल्या (वेबसाइट बनवायच्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या) तारखांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तिखट होती, पण कोड चालवून बघून लिहिलेली होती. तशी माझ्या वाट्याला क्वचितच येते. (उत्तर मोबाइलवरून लिहितोय आणि या चौकटीत कोड टाकला की अवतरणचिन्हं बिघडतात, म्हणून फंक्शनांची नावं सरळ देवनागरीत लिहितो. तुम्हाला कळतीलच.)

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पीएचपीत तारखांची तुलना करायची तर डेटटाइम ऑब्जेक्ट (तारीख-वेळ सांभाळणारी तयार वस्तू) वापरा, मजकूर म्हणून तुलना कधीच करू नका, असं मी लेखात ठणकावून सांगितलं होतं. तुमचं म्हणणं असं, की स्ट्रटूटाइमवर (मजकुरातली तारीख ओळखून तिचा १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांचा आकडा करणारं फंक्शन) तुमचं दहा वर्षं सुरळीत चाललंय, ऑब्जेक्ट हा उगाच थाट आहे. आणि शेवटची तारीख आजच्या तारखेशी ताडून बघणाऱ्या माझ्याच उदाहरणात ‘आज शेवटचा दिवस’ हा संदेश कधीच दिसत नाही. जाता जाता एक टोलाही आहे, की मराठी महिन्यांसाठी बारा नावांची साधी यादी पुरते.

आधी माझी चूक. संदेश खरंच दिसत नाही. क्रिएटफ्रॉमफॉरमॅटला (दिलेल्या साच्याप्रमाणे तारीख वाचून ऑब्जेक्ट बनवणारं फंक्शन) नुसता दिवस-महिना-वर्ष असा साचा दिला, की वेळेच्या रिकाम्या जागी ते त्या क्षणाची घड्याळातली वेळ भरतं. म्हणजे दुपारी तीन वीसला कोड चालला तर शेवटची तारीख दुपारी तीन वीसची होते, आणि ‘टुडे’ देऊन बनवलेला आजचा दिवस मात्र मध्यरात्रीचा. दोन्ही समान कसे निघणार? साच्याच्या सुरुवातीला एक उद्गारचिन्ह टाकलं की वेळ शून्यावर येते. मला हे माहीत होतं, तरी लेखात राहिलं. दुरुस्त केलंय.

दुसरी कबुली तुम्ही मागितलेली नाहीत, तरी देतो. ‘मजकुराची तुलना कधीच नाही’ हे वाक्य चुकीचं होतं. वर्ष-महिना-दिवस या क्रमात, शून्यं लावून लिहिलेल्या तारखांची तुलना मजकूर म्हणूनही बरोबरच येते, कारण मोठं माप डावीकडे असतं. फसतं ते आपल्या रोजच्या क्रमात: २५/१२/२०२३ हे ०५/०१/२०२४ पेक्षा ‘मोठं’ ठरतं, कारण पहिलाच आकडा बघितला तर २ हा ० पेक्षा मोठा.

पण स्ट्रटूटाइमबद्दल मी हटणार नाही. तुमचं दहा वर्षं अडलं नाही त्याचं कारण बहुधा असं, की तुमच्याकडे तारखा डेटाबेसमधून येतात. मायएसक्यूएल वर्ष आधी ठेवूनच तारीख देतं. ब्राउझरचा तारखेचा रकानाही डोळ्यांना काही दाखवो, सर्व्हरला त्याच क्रमात पाठवतो. माणसाने हाताने लिहिलेली तारीख आली की मजा सुरू होते.

स्ट्रटूटाइमला तिरकी रेघ दिसली की ते अमेरिकन होतं: आधी महिना, मग दिवस. १२/०४/२०२४ म्हणजे त्याच्या लेखी ४ डिसेंबर. १३/०४/२०२४ दिली तर तेरावा महिना नसल्याने ‘फॉल्स’ (म्हणजे ‘जमलं नाही’) परत. हिशोब करून बघा: प्रत्येक महिन्याचे पहिले बारा दिवस, म्हणजे वर्षातल्या १४४ तारखा, तक्रार न करता वाचल्या जातात. त्यातल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा फक्त १२ बरोबर. १३२ तारखा गुपचूप चुकतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्याकडच्या एका वाचनालयाला मी हौसेने पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम करून दिला होता, दंड दिवसाला एक रुपया. २० फेब्रुवारी २०२३ ला एक निवृत्त मास्तर पुस्तक परत करायला आले. मुदत होती १३/०२/२०२३, दंड व्हायचा सात रुपये. पावती निघाली १९,४०८ रुपयांची. स्ट्रटूटाइमने ‘फॉल्स’ दिलं, वजाबाकीत त्याचं शून्य झालं, आणि सेकंदांची मोजणी जिथून सुरू होते त्या १ जानेवारी १९७० पासून दंड लागला. मास्तर म्हणाले, ‘त्यापेक्षा वाचनालयच विकत घेतो.’ त्यांच्यामुळे निदान कळलं तरी. ज्यांची मुदत १०/०२/२०२३ होती ते २ ऑक्टोबरपर्यंत बिनघोर होते, आणि त्यांच्यातलं कुणी तक्रार घेऊन येणार नव्हतं.

तिरक्या रेघेच्या जागी आडवी रेघ टाकून घ्यायची, ही तुमची युक्ती चालते. आडवी रेघ दिसली की तेच फंक्शन दिवस आधी धरतं. मात्र वर्ष चार अंकी हवं. १२-०४-२४ दिलंत तर ते वर्ष-महिना-दिवस असं वाचतं, म्हणजे २४ एप्रिल २०१२. आणि ३१-०२-२०२४ दिलं तर निमूटपणे २ मार्च. हा शेवटचा दोष क्रिएटफ्रॉमफॉरमॅटलाही आहे, उगाच त्याची बाजू घेत नाही. म्हणून मी वाचलेली तारीख त्याच साच्यात पुन्हा छापतो आणि मूळ मजकुराशी जुळते का बघतो. नाही जुळली तर परत पाठवतो.

म्हणजे आपण दोघे चुकीच्या ठिकाणी भांडत होतो. एकदा नीट वाचली गेली की तारीख आकडा म्हणून तपासा नाहीतर ऑब्जेक्ट म्हणून, उत्तर तेच. लेखाचा रोख मी तुलनेवर ठेवला, तो वाचण्यावर हवा होता.

महिन्यांच्या नावांबाबत तुमचंच बरोबर. एसटीआरएफटाइम (तारीख हव्या त्या भाषेत छापणारं जुनं फंक्शन) पीएचपी ८.१ पासून टाळायच्या यादीत गेलंय, इंटल एक्स्टेन्शन (वेगवेगळ्या भाषांसाठीची पीएचपीची जोड) प्रत्येक स्वस्त होस्टिंगवर मिळत नाही. बारा नावांचा ऐरे (यादी) उत्तम. इंटल वापरलंत आणि लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) मराठी ठेवलंत तर आकडेही देवनागरी येतात. दिसतात छान, पण ती तारीख चुकूनही पुन्हा स्ट्रटूटाइमला देऊ नका. देवनागरी आकडे त्याला कळत नाहीत, मास्तरांची पावती परत निघेल.

टाइमझोनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच आपल्याकडे ‘आज’ म्हणून कालची तारीख दिसते, एवढं बघा. सेटिंगमध्ये ‘एशिया/कोलकाता’ लिहायचं. मुंबई त्या यादीत नाही, मी शोधून थकलोय.

आणि तुमच्या त्या आडव्या रेघेच्या कोडमध्ये कुठून एखादी एक्सेलवरून आलेली, दोन अंकी वर्षांची फाइल शिरत नाही ना, ते तपासून कळवा.