अगोगो

गेल्या रविवारी चर्चच्या मंडळीत आम्हा दोघांना आमच्या परदेशातल्या सेवेची साक्ष द्यायला, म्हणजे अनुभव सांगायला, उभं केलं. मी दहा मिनिटं बोललो. लोक मन लावून ऐकत होते, शेवटी पाळकसाहेबांनी पाठ थोपटली. घरी येताना ही म्हणाली, "छान बोललात. पण अर्धंच." उरलेलं अर्धं इथे लिहितोय. लांब आहे, वेळ असेल तरच वाचा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी एसटीच्या भांडारातून निवृत्त झालो, ही सरकारी दवाखान्यातून. सप्टेंबर २०२२ ते मार्च २०२४ आम्ही आफ्रिकेतल्या मलावीत होतो, सालिमाच्या बाजूला, सरोवराकाठच्या एका मिशन रुग्णालयात. त्यांच्या पत्रात लिहिलं होतं की प्रसूती विभागासाठी अनुभवी नर्स हवी आहे, सोबत नवरा येत असेल तर त्यालाही काहीतरी काम देऊ. हे 'काहीतरी' मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

पहिले दोन महिने मला खरंच काहीही काम नव्हतं. ही सकाळी साडेसहाला वॉर्डात जायची. मी पडवी झाडायचो, डाळभाताचा कुकर लावायचो आणि आंब्यावरची माकडं मोजत बसायचो. डेपोत माझ्या खिडकीसमोर मेकॅनिक रांग लावून उभे असायचे. ब्रेक लायनरच्या एका जोडीसाठी 'साहेब, साहेब' चालायचं. इथे मी सिस्टरचा नवरा, बस्स. साक्षीत मी याला 'नम्रतेचा धडा' म्हटलं. खरं सांगायचं तर धडा वगैरे काही नव्हता, चिडचिड होती, आणि ती रोज रात्री एका मच्छरदाणीत हिच्या वाट्याला यायची. तीस वर्षं हिची नाईट आणि माझी जनरल, त्यामुळे आम्ही एकमेकांना दारात भेटायचो. संसार टिकला तो त्यामुळेच की काय, अशी शंका मला तिथे येऊ लागली. सदुसष्टाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर एका खोलीत चोवीस तास बायकोबरोबर राहणं हे मलेरियापेक्षा अवघड आहे, आणि त्यावर गोळी नाही.

त्यात भाषा. चिचेवा कानाला गोड आहे आणि तिच्यात आपल्या तू-तुम्हीसारखा मान आहे. लहानाला 'उली ब्वांजी', मोठ्याला 'मुली ब्वांजी', म्हणजे कसा आहेस आणि कसे आहात. मी महिनाभर रुग्णालयाच्या मुख्य डॉक्टरांना 'कसा आहेस रे' विचारत होतो! कोणी सुधारलं नाही. म्हाताऱ्याला सुधारायचं नाही ही रीत तिथेही आहे.

तेव्हा मला जॉन विल्सन आठवायचे. ज्यांच्या नावाचं मुंबईत कॉलेज आहे, तेच. १८२९ साली हे स्कॉटिश जोडपं मुंबईत उतरलं आणि मराठी शिकायला आपल्या कोकणात, बाणकोट-हर्णैला येऊन राहिलं. हर्णैच्या कोळणींनी त्यांचं मराठी ऐकून पदरात तोंड लपवलंच असेल. पण विल्सन तेव्हा पंचविशीत होते. मागाहून त्यांची मार्गारेट १८३५ मध्ये मुंबईतच वारली. आपण कोकणी ख्रिस्ती लोक लहानपणापासून या गोष्टी ऐकतो त्या 'आपल्याकडे आलेल्यांच्या' गोष्टी म्हणून. जाणाऱ्याच्या बाजूने त्या कशा दिसतात ते मला तिथल्या पडवीत बसून कळलं.

आणखी एक धागा आहे. १८६४ मध्ये आफ्रिकेत फिरणारा मिशनरी लिव्हिंगस्टन आपली छोटी आगबोट घेऊन मुंबईत आला. बरोबर चुमा नावाचा पोरगा होता, आजच्या मलावीच्या बाजूचा, गुलामांच्या तांड्यातून सोडवलेला. त्याला शिकायला ठेवलं ते याच विल्सनसाहेबांकडे. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन गेला तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत हा चुमा होता. मी हे रुग्णालयाच्या भांडारातल्या पोराला मोठ्या अभिमानाने सांगितलं, तुमचा मुलगा आमच्याकडे शिकला म्हणून. तो म्हणाला, "मग तुम्ही अमवेन्ये फी वसूल करायला आलात का?" अमवेन्ये म्हणजे भारतीय. तिथे आपल्या लोकांची दुकानं बरीच, त्यामुळे विनोदाला धार होती.

आता आनंदाचं. सरोवर असं की पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, होड्या लागतात. काठावर मांडव घालून उसिपा नावाची बोटाएवढी मासळी वाळत घातलेली असते. पहिल्या संध्याकाळी तो वास आला आणि ही चालता चालता थांबली. डोळे मिटून म्हणाली, "दाभोलीच्या वाटेवर आसंव." दाभोली आमच्या वेंगुर्ल्याजवळची. खाण्यात न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. आम्ही ती नेलेली सोलं घालून केलेल्या उसिपाच्या कालवणाबरोबर खाल्ली, शेजारणीलाही दिली. तिने तोंड वाकडं केलं आणि दुसऱ्या दिवशी भांडं घेऊन परत आली. डिसेंबरात आंबे पिकतात. रेषा दातांत अडकतात, पण ख्रिसमसला आंबा खाण्याची चैन वेंगुर्ल्यात कोणी केली आहे का?

आणि 'अगोगो'. चिचेवात आजी असो वा आजोबा, म्हाताऱ्या माणसाला मानाने अगोगो म्हणतात. मी हिला जन्मभर 'अगो' म्हणून हाक मारत आलो. पहिल्यांदा मी अंगणातून "अगो!" म्हणून ओरडलो तेव्हा रस्त्यावरची चार पोरं हसत धावत आली. त्यांना वाटलं, हा म्हातारा स्वतःलाच अर्धवट हाक मारतोय. तिथे म्हातारपण ही जमेची बाजू आहे. वॉर्डातल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरी तरुण नर्सचं ऐकत नसत, पण हिने पाठीवर हात ठेवला की गप्प होत. भाषेचा एक शब्द येत नसताना.

मग कॉलरा आला. मलावीच्या इतिहासातली सगळ्यात मोठी साथ ती, सतराशेहून जास्त माणसं गेली. जानेवारी २०२३ मध्ये आमच्या आवारात तंबू लागले. सलाइनचे खोके यायचे ते पुढे रचले जायचे, मागचे तसेच राहायचे आणि मुदत संपायची. कुठल्या खोलीत किती क्लोरीन आहे ते कोणालाच सांगता येईना. मी न विचारता आत शिरलो. पुठ्ठे कापून बिन कार्डं, म्हणजे मालाच्या आवक-जावकीची कार्डं, केली, आधी आलेला माल आधी जाईल असे रॅक लावले, रोज संध्याकाळी शिल्लक मोजून लिहिली. ब्रेक लायनर काय आणि ओआरएस काय, हिशेब तोच. आठ दिवसांत लोक माझ्या दाराशी रांग लावून उभे राहू लागले.

इथपर्यंत मी साक्षीत सांगितलं. आता राहिलेलं.

त्याच जानेवारीत आमच्या मुलीचं पुण्यात पहिलं बाळंतपण होतं. हिचं तिकीट काढलेलं होतं, दोन महिन्यांची रजा कबूल करून घेतली होती. साथ चढली आणि हिने तिकीट पुढे ढकललं. रात्रपाळीला दोनच नर्स होत्या, हे खरं. पण ही त्या रात्री मला म्हणाली होती, "तुम्ही सांगा. जा म्हणालात तर जाते." आणि मी जा म्हणालो नाही. का? साथीचं कारण होतंच. पण मला नुकतीच माझी खिडकी परत मिळाली होती. ही गेली असती तर सिस्टरचा नवरा एकटा तिथे काय म्हणून राहिला असता? हे मी तेव्हा स्वतःलाही कबूल केलं नाही.

नातू आम्ही मोबाईलवर पाहिला, चित्र अडकत अडकत. मुलगी रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "तिकडे दुसऱ्या नर्स होत्याच ना गं?"

लोक विचारतात ते प्रश्न मला सोपे वाटतात. "किती बाटवले?" बाबांनो, तिथे चारांतले तिघेजण आधीच ख्रिस्ती आहेत. त्यांची उपासना तीन तास चालते आणि गाण्यात आम्ही त्यांच्यापुढे मुके. "आपल्याकडे काय काम कमी आहे?" नाही, भरपूर आहे. हिने इथल्या वाड्यांवर तीस वर्षं ते केलं, विचारणाऱ्यांपैकी कोणी तिथे दिसल्याचं आठवत नाही. मासळी बाजारात एकाने विचारलं, "कितके गावले?" उलट पदरचे गेले. माझं पेन्शन ईपीएस-९५ चं, पीएफमधलं तुटपुंजं, म्हणजे एसटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. हिच्या पेन्शनवर दोघं जगलो. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या चलनात ११८० क्वाचांचा डॉलर एका फटक्यात १७०० चा झाला. आमचे पैसे बाहेरून यायचे म्हणून आम्ही तरलो, पण त्या भांडारातल्या पोराचा पगार होता तेवढाच राहिला. इकडे दीड वर्ष बंद राहिलेल्या घरात वाळवीने कपाट खाल्लं, काजू कोणी नेले ते सगळ्या वाडीला माहीत आहे.

हे सगळं सोसण्यासारखं होतं. पण मंडळीतून निवृत्त जोडप्यांना 'आता तुम्ही मोकळे' म्हणून सेवेला पाठवतात, त्या 'मोकळे'बद्दल माझी तक्रार आहे. साठीनंतर कोणी मोकळं नसतं. कोणाची तरी आई मागे राहते, कोणाचं तरी बाळंतपण येतं, आणि त्याची किंमत पाठवणारे देत नाहीत, जाणारेही पूर्ण देत नाहीत. आमच्या सेवेचा सगळ्यात मोठा वाटा मुलीने उचलला आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं. जाणाऱ्यांनीही एकदा तपासावं की देवाने बोलावलंय की घरात कोणी हाक मारत नाही म्हणून बॅग भरली जातेय. माझ्या बाबतीत दोन्ही होतं, आणि किती टक्के कुठलं ते मला आजही सांगता येत नाही.

एवढं लिहूनही खोटं बोलणार नाही. सकाळी साडेसहाला जाग येते तेव्हा मला त्या पडवीतला उजेड आठवतो.

गेल्या महिन्यात मुलगी नातवाला घेऊन आली होती. तो माझ्याकडे लगेच आला. हिच्याकडे चौथ्या दिवशी आला, तेही हिने खोबऱ्याची वडी दाखवल्यावर. मुलगी बघत होती, काही बोलली नाही.

भांडारातला पोरगा अजून व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवतो. मागच्या आठवड्यात त्याच्याबरोबर रुग्णालयाचं पत्र आलं, पावसाळ्यानंतर सहा महिन्यांसाठी याल का म्हणून. ही म्हणाली, "आधी पोरीक विचारा." पत्र फ्रिजवर चिकटवलंय. आज नववा दिवस, मी अजून फोन केलेला नाही.