झेंडा, चार शब्द आणि एक फॉरवर्ड

नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय : 'झेंडा रंगवायचा, भिंतीवर चार शब्द लिहायचे, की झाली संकल्पनात्मक कला! यात ना हातकाम, ना आपला काही संबंध. सगळी परदेशी थेरं. शिवाय झेंड्याला हात लावणं हा गुन्हाच.'

संकल्पनात्मक कला म्हणजे जिच्यात वस्तूपेक्षा तिच्यामागची कल्पना महत्त्वाची. आधी हातकाम. अमेरिकी चित्रकार जास्पर जॉन्सने अमेरिकेचा झेंडा रंगवला, तो 'फ्लॅग' (1954-55) या मंडळींनी मोबाइलवरच पाहिला असावा. वर्तमानपत्राच्या पट्ट्या आणि त्यांवर रंग मिसळलेलं वितळलेलं मेण. मेण लगेच गोठतं, म्हणून कुंचल्याचा फटका न् फटका सुटा दिसतो. खालची छापील अक्षरं मधूनच डोकावतात. तारे 48, कारण अलास्का आणि हवाई तेव्हा राज्यं झाली नव्हती. चित्रातलं संत्रं सोलता येत नाही. झेंड्याचं चित्र मात्र काठीला लावलं की झेंडाच होतो. मग जॉन्सने रंगवलं ते काय? त्याला काटेकोरपणे संकल्पनात्मक कलावंत म्हणत नाहीत, पण पुढच्यांनी हा प्रश्न सोडला नाही. 1990 मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंत डेव्हिड हॅमन्सने अमेरिकेच्या त्याच झेंड्याला कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे लाल-काळा-हिरवा हे रंग दिले. आकार तोच, देश मात्र कुणाचा?

आणि 'आपला काय संबंध' हे नागपूरकरांनी म्हणावं? 1923 च्या झेंडा सत्याग्रहात चरख्याचा झेंडा सिव्हिल लाइन्सकडे न्यायला सरकारची बंदी होती. जमनालाल बजाजांना अटक झाली, मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रं हाती घेतली, बाहेरगावची माणसं इथे येऊन तुरुंगात गेली. सत्याग्रही कला करत नव्हते, कबूल. पण खादीच्या तुकड्यात एवढं बळ येतं कुठून, कलावंतही तेच तर विचारतात.

गुन्ह्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. राष्ट्रीय प्रतीकांचा अवमान रोखणारा 1971 चा कायदा राष्ट्रध्वजाच्या चित्रालाही लागू होतो, आणि ध्वजावर अक्षरं लिहिणं हा त्यात अपमानच ठरतो. मात्र त्याच कायद्यात सनदशीर मार्गाने बदल मागणाऱ्या टीकेला मोकळीक आहे. 'हात लावणं हा गुन्हाच' असं तो कुठेही म्हणत नाही.

मुंबईच्या कलावंत शिल्पा गुप्ता यांनी तर कुठल्याच देशाचा झेंडा घेतला नाही. पिवळ्या चिकटपट्टीने भिंतीवर इंग्रजी ओळी अशा रचल्या की त्यांचाच झेंडा झाला. मजकूर आभाळाची वाटणी करू पाहणाऱ्याचा, आणि पट्टीवर छापलेलं : इथे सीमा नाही. हे 2005-06 चं काम. यात कुठल्या ध्वजाचा अपमान झाला, ते फॉरवर्ड करणाऱ्याने सांगावं.