परतीचं तिकीट पौर्णिमेनंतरचं काढा

यंदाच्या वारीसाठी तिकिटं कधीची काढू, असे मेसेज यायला लागलेत. सगळ्यांना एकच हात जोडून सांगणं आहे. परतीचं विमान आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवसाचं घेऊ नका.

मी म्युनिकला राहते. २०२४ मध्ये मावशीच्या दिंडीबरोबर पहिल्यांदा आळंदी ते पंढरपूर चालले. रजा मोजून मिळालेली. एकादशी १७ जुलैला होती, म्हणून १८ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईहून सुटणारं विमान धरलं. अडीचशे किलोमीटर चालायची तयारी दोन महिने केली आणि परतीचं तिकीट पाच मिनिटांत काढून मोकळी झाले.

द्वादशीला पहाटे तळावर पारण्याचा स्वयंपाक चाललेला असताना मी सॅक पाठीला लावली. मावशीने तव्यावरची पहिली पोळी कागदात गुंडाळून हातात दिली आणि एवढंच म्हणाली, "काला न घेताच निघालीस गं?"

त्या दिवशी निम्मं पंढरपूर परत निघालेलं असतं. एसटीची तात्पुरती स्थानकं गावाबाहेर, तिथवर पायी जायचं, मग गाडीत जागा मिळवायची. टेंभुर्णीच्या अलीकडे आमची गाडी दोन तास जागची हलली नाही. मी खिडकीत बसून घड्याळ बघत होते. अठरा-एकोणीस दिवस ज्या जिवाला घड्याळ लागलं नव्हतं, तो जीव पुन्हा त्याच घाण्याला जुंपला. विमानतळावर शेवटच्या काही प्रवाशांत मी होते. सुरक्षा तपासणीला बूट काढायला लावले, तेव्हा टाचेच्या भेगांत पंढरपूरच्या अलीकडच्या वाखरीची काळी माती तशीच होती. म्युनिकला उतरताना पाय एवढे सुजले होते की बूट चढेनात. चालून चालून थकलेले पाय लगेच आठ-नऊ तास लटकत ठेवले की दुसरं काय होणार?

पण पायाचं दुखणं आठवड्यात गेलं. मावशीचा प्रश्न वर्षभर राहिला.

कारण वारी एकादशीला संपत नाही. टीव्हीवर शासकीय महापूजा दिसते, चंद्रभागेचं स्नान दिसतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की झालं. पालख्या मात्र पौर्णिमेपर्यंत पंढरपुरातच असतात. पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपूरला काला, म्हणजे दही-लाह्यांचा प्रसाद, होतो, माउलींच्या पादुकांची विठ्ठलाशी भेट होते आणि मगच पालखी माघारी फिरते. ज्यांच्या मागून आपण एवढं चाललो, त्यांचीच देवाशी भेट व्हायच्या आत आपण विमानात बसायचं? मला ते आता पटत नाही. शिवाय एकादशीला पदस्पर्श दर्शनाची रांग बघितली की बहुतेक जण कळसाला हात जोडूनच परततात. दोन दिवस हाताशी असले तर निवांत उभं राहता येतं.

तारखांचंही नीट बघा. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरवरून तिकीट काढणारे दरवर्षी भेटतात. २०२५ ला एकादशी ६ जुलैला होती. यंदा २०२६ ला ज्येष्ठ अधिक आहे, म्हणून ती थेट २५ जुलैला आणि पौर्णिमा २९ ला. पंचांग उघडा, मगच रजेचा अर्ज लिहा. पौर्णिमा आणि विमान यांत निदान दोन रात्री मोकळ्या ठेवा, त्यातली एक पुण्यात किंवा मुंबईत पलंगावर पाय वर करून काढा. तारीख बदलता येणारं तिकीट थोडं महाग पडतं, ते घ्या. सोलापूरहून आता विमान सुटतं, पण त्याच्या भरवशावर मुंबईचं वेगळं तिकीट काढू नका. पहिलं चुकलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. टाळ मोठ्या बॅगेत जाऊ द्या. आणि तुळशीचं रोप परदेशी न्यायचा मोह आवरा. युरोपात वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ते आत येऊ देत नाहीत, आपल्या हातची तुळस दुसऱ्याला कचऱ्यात टाकताना बघवत नाही. माळ चालते.

२०२५ ला मी थांबले. १० जुलैला गोपाळपूरला मावशीने स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात काला घातला. लाह्या, दही आणि कपाळावरून ओघळलेला थोडा बुक्का, तिघांची मिळून ती चव. दुपारी पालखी माघारी निघाली तेव्हा मी थक्कच झाले. जाताना लाखोंची गर्दी, येताना जेमतेम काही शे माणसं. बँड नाही, कॅमेरे नाहीत. माउली आळंदीला परत निघालेल्या, तेच अभंग, तोच रस्ता, फक्त मुक्काम निम्मे आणि चाल जवळजवळ दुप्पट. मावशी त्यांच्याबरोबर गेली. मी वाखरीपर्यंत चालले आणि तिथून एसटी धरली.

पालखीची ही परतीची वाट, म्हणजे परतवारी, आषाढ वद्य एकादशीपर्यंत आळंदीला पोचते. तिथून पुण्याचं लोहगावचं विमानतळ रिक्षाच्या अंतरावर आहे. यंदा मी आधी ऑफिसशी बोलले आणि मगच तिकीट काढलं. पुण्याहून दिल्लीमार्गे, एकाच बुकिंगवर, १२ ऑगस्टचं. मावशीला फोन करून तारीख सांगितली. ती थोडा वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "मग पातळ चादर आण हो, येताना तंबू लहान असतो."